पाचव्या बारला अडलेली गिटार

आमच्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर निदान एक गिटार आहे आणि ती वाजवणारी प्रत्येकजण पहिल्या ओळीत अडकलीय. मीही त्यातलीच. ब्लूज शिकायचं म्हणून ई मधलं बारा बारचं चक्र घेतलं. चार बार ई, दोन ए, परत दोन ई, मग बी सेव्हन, ए, ई आणि शेवटी पुन्हा बी सेव्हन. तीनच तर कॉर्ड्स! पण पाचव्या बारला ए धरताना बोट घसरायचं आणि मी परत पहिल्यापासून सुरू. शेवटी रूममेट वैतागली, "बाई गं, पुढे काय होतं ते तरी कळू दे!"

खरंय तिचं. पहिले चार बार हजारदा वाजले असतील, नववा मोजून पन्नासदा. मी प्रॅक्टिस करत होते ती थांबण्याची.

हे डोक्यात शिरलं एनएसएसच्या शिबिरात, जव्हारजवळच्या एका पाड्यावर. जव्हार-मोखाड्याकडे तारपा वाजतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालात हवा साठवून ती फुंकत असतानाच नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. आणि तुटून चालणार कसं? हात गुंफलेली अख्खी रांग त्याच्यावर नाचत असते. त्या रात्री एकदा सूर घसरला, पण एकाही पायाला पत्ता लागला नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा लहानपणापासून तारपा वाजवत आलेत. २०२६ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ब्लूज तरी वेगळा कुठे? मिसिसिपीतल्या ज्यूक जॉइंटमध्ये शनिवारी रात्री शेतमजूर त्यावर नाचायचे. कॉर्ड चुकली म्हणून तिथे कोण थांबणार होतं?

आता कुणी म्हणेल, चुकीचं वाजवत राहिलं तर चूकच पक्की होते. मान्य. म्हणून मी दोन कामं वेगळी केलीत. आधी दहा मिनिटं फक्त ई वरून ए वर जाणं, मेट्रोनोम साठवर, मुंगीच्या गतीने. मग दहा मिनिटं पूर्ण चक्र, काहीही होवो, थांबायचं नाही. रोज एवढंच. रविवारी चार तास बसून बोटं सोलून घेणं बंद (सबमिशनच्या आठवड्यातही वीस मिनिटं निघतात, शपथ).

रूममेटला पायाने ताल धरायला बसवलंय. परवा ए खरखरला, बी सेव्हनची एक तार मुकीच राहिली. तिचा पाय चालूच होता, मग मीही बारावा बार संपवून परत पहिल्यावर आले.