बाबा घरी, आई कामावर

सध्या बायको तीन आठवड्यांसाठी ऑनसाइट गेलीये आणि मी घरी आहे. सोबतीला आमचं कन्यारत्न, वय वर्षे शून्य, महिने अकरा. हापिसाने वर्क फ्रॉम होम दिलंय, दिवसा सांभाळायला एक मावशी येतात, त्यामुळे फार मोठा पराक्रम चाललाय अशातला भाग नाही. पण रात्र माझी एकट्याची. तर गेल्या शनिवारी बाईसाहेब झोपल्यावर 'इन्क्रेडिबल्स २' लावला. एकशे अठरा मिनिटांचा पिक्चर बघून संपवायला मंगळवार उजाडला!

हा पिक्चर मी २०१८ मध्ये थेटरात पाहिला होता, इंजिनिअरिंगच्या मित्रांबरोबर. तेव्हा मारामाऱ्या जाम आवडल्या होत्या आणि घरातले प्रसंग म्हणजे दोन फायटिंगच्या मधला टाइमपास वाटला होता. यावेळी बरोब्बर उलटं झालं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला भाग २००४ चा, दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. आपल्याकडे तो हिंदीत 'हम हैं लाजवाब' म्हणून आला होता, शाहरुखच्या आवाजात. दुसरा भाग यायला चौदा वर्षं लागली, पण गोष्ट मात्र पहिली संपते तिथूनच सुरू होते. सुपरहिरोंवर कायद्याने बंदी आहे. एक श्रीमंत भाऊ-बहीण, विन्स्टन आणि एव्हलिन, ही बंदी उठवण्यासाठी मोहीम काढतात आणि त्यासाठी निवडतात हेलनला, म्हणजे इलॅस्टिगर्लला. बॉबला नाही. कारण साधं आहे, बॉब काम करतो तेव्हा मोडतोड फार होते. मग आई कामावर आणि बाबा घरी.

आता चांगलं काय ते आधी सांगतो. घरातला प्रत्येक प्रसंग अस्सल आहे. डॅशचं गणित नव्या पद्धतीचं, बॉबला येतं ते जुन्या. पोराला ओरडून झाल्यावर हा गडी रात्री पुस्तक घेऊन बसतो आणि सकाळी त्याला उठवून शिकवतो. व्हायोलेटचं जमत आलेलं प्रकरण बापाच्याच एका चुकीमुळे फिसकटतं, आणि ते निस्तरायला जाऊन तो आणखी घोळ घालतो. आणि जॅक-जॅक! मध्यरात्री कचऱ्याच्या डब्यापाशी आलेल्या रॅकूनशी त्याची जी जुंपते, तो अख्खा प्रसंग जवळजवळ संवादांशिवाय आहे आणि पिक्चरमधली सगळ्यात भारी मारामारी तीच आहे. बाळ बाहेर हे सगळं करत असताना बाप डुलक्या काढतो, हे २०१८ मध्ये विनोदी होतं. आता मला घाम फुटतो.

सगळ्यात खरी वाटली ती फोनची गोष्ट. हेलन विचारते, घरी कसं चाललंय? बॉबची वाट लागलेली असते, तरी म्हणतो, सगळं उत्तम. मी परवा हेच केलं. मुलीला सर्दी झाली होती, मी तीन तास खांद्यावर घेऊन फिरत होतो, आणि व्हिडिओ कॉलवर बायकोला म्हटलं, "एकदम मस्त, काळजी करू नकोस."

पण इथेच पिक्चर मला खटकला.

न झोपलेला बॉब शेवटी जॅक-जॅकला घेऊन एडनाकडे जातो. एडना म्हणजे सुपरहिरोंचे कपडे शिवणारी ती खडूस बाई. ती बाळाला रात्रभर आपल्याकडे ठेवून घेते आणि वर बॉबला सांगते की आईबाप होणं नीट केलं तर तेही शौर्यच आहे. थेटरात हा प्रसंग छान वाटतो. पण आता पहिला भाग आठवा. त्यात हेलन याच एडनाच्या घरी कोसळते. नवरा खोटं बोलून कुठेतरी गेलाय, तीन पोरं पदरात, ती रडतेय. तिला काय मिळतं? सुरळी केलेल्या वर्तमानपत्राचा फटका आणि 'सावर स्वतःला' छापाचं भाषण. पंधरा वर्षं घर चालवल्याबद्दल शौर्याचा उल्लेखसुद्धा नाही. तो किताब बाबा काही दिवस घरी बसल्यावर मिळतो!

हे मला एरवी कळलं नसतं. पण गेले दोन आठवडे सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये माझं कौतुक करतायत. "एकट्याने सांभाळतोस? भाग्यवान आहे हो तुझी बायको." आणि तिकडे बायकोला हापिसात रोज कुणीतरी विचारतं, "बाळ कुणाकडे?" मुलगी चार महिन्यांची असताना मी दोन आठवडे बंगळूरला गेलो होतो. तेव्हा हा प्रश्न मला एकाही माणसाने विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही पडला नव्हता.

दुसरी कमजोरी खलनायकाची. पडद्यांवरून लोकांना संमोहित करणारा 'स्क्रीनस्लेव्हर' म्हणजे कोण, हे अर्ध्या तासात ओळखू येतं. त्याहून वाईट म्हणजे एव्हलिनचा मुद्दा दमदार आहे आणि तो वाया जातो. घरात चोर शिरले तेव्हा तिचे वडील सुरक्षित खोलीत जाण्याऐवजी सुपरहिरोंना फोन लावत बसले आणि मारले गेले. दुसरा कुणीतरी येऊन वाचवेल ही सवयच माणसाला मारते, असं तिचं म्हणणं. यावर पिक्चर उत्तर देत नाही, तिला पकडून मोकळा होतो. शिवाय सुपरहिरोंवर बंदी हवी असेल तर बंदी आधीपासून होतीच की! गप्प बसली असती तरी चाललं असतं.

यामागचं कारण माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला लगेच पटेल. हा पिक्चर २०१९ च्या जूनमध्ये येणार होता, पण 'टॉय स्टोरी ४' मागे पडल्यामुळे दोघांच्या तारखांची अदलाबदल झाली आणि याचं एक वर्ष कापलं गेलं. डेट अलीकडे आली की काय होतं ते आपल्याला माहितीये. दिसणारं सगळं चकाचक, आतलं लॉजिक 'पुढच्या रिलीजला बघू'. गल्ला मात्र १.२ अब्ज डॉलर्सच्या वर गेला, त्यामुळे बग कुणी नोंदवला नाही.

आणि शेवट. बंदी उठते, सगळे मिळून गाडीतून चोरांच्या मागे जातात. पण हेलनच्या नोकरीचं काय? पुढच्या वेळी बोलावणं आलं तर घरी कोण थांबणार? पिक्चर ज्या प्रश्नावर उभा होता तो शेवटी गुपचूप गायब होतो. चौदा वर्षं थांबून विचारलेला प्रश्न असा सोडून द्यायचा नसतो राव.

तरीही बघाच, घरातल्या त्या प्रसंगांसाठी. एकदा पाहिला असेल तर पहिला भाग आधी आणि लगेच दुसरा असा बघा, एडनाचे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून.

काल रात्री बायकोला सर्दीचं खरं काय ते सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "मला कळलं होतं. तू बंगळूरला होतास तेव्हा मीही 'मस्त चाललंय'च म्हणायचे."

असो. आतून आवाज येतोय, बाईसाहेब उठल्या बहुतेक.