प्रमाणपत्राने रिक्षात गॅस भरत नाही

मागच्या उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. मुंब्र्यात राहते, बी.ए. झाली आहे, उर्दू आणि मराठी दोन्ही सफाईने लिहिते. ठाण्यातल्या एका छोट्या नाट्यसंस्थेत तीन महिने काम शिकायची संधी तिला मिळत होती. जाहिरातीचा मजकूर लिहायचा, तालमींच्या नोंदी ठेवायच्या, प्रयोगाला दारावर उभं राहायचं. मानधन नाही, शेवटी प्रमाणपत्र. "सर, अब्बूंची रिक्षा आहे. प्रमाणपत्राने तिच्यात गॅस भरत नाही," ती म्हणाली. आता ती घरोघरी शिकवण्या घेते.

तिची जागा रिकामी राहिली नसणार. ज्याच्या घरी तीन महिन्यांचा खर्च निघतो, असा कुणीतरी तिथे गेला असेल. त्याचा दोष नाही. पण निवड गुणांवर झाली, असं मात्र म्हणू नये.

संस्थांची अडचण मला ठाऊक आहे. गडकरी रंगायतन असो की कल्याणचं अत्रे रंगमंदिर, भाडं भरावंच लागतं. लाइटवाला, छपाईवाला उधारीवर थांबत नाहीत. मग फुकट फक्त तरुणांचंच काम का? आपण त्याला 'अनुभव' म्हणतो म्हणून?

सरकारी योजना इथे फारशा पोहोचत नाहीत. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. पण आस्थापनेत किमान २० कर्मचारी हवेत. त्याच वर्षीची केंद्राची ५,००० रुपयांची योजना देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांसाठी. तीन माणसांवर चालणारी संस्था दोन्हीकडे बाहेरच राहते.

म्हणजे वाट आपणच काढायची. दहा सभासदांनी महिना ५०० रुपये दिले तर ५,००० होतात, तीन महिन्यांचे १५,०००. तीन मुलं फुकट घेण्याऐवजी एकच घ्या, आठवड्यातून तीन दिवस बोलवा, लोकलचा पास वेगळा द्या. काम, वेळ आणि रक्कम आधीच कागदावर लिहा.

रत्नाकर मतकरींनी ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला आणि वस्तीतल्या मुलांकडे स्वतःची नाटकं आहेत हे दाखवून दिलं. पुढचं पाऊल म्हणजे संस्था चालवायचं कामही या मुलांच्या हाती यावं. हिशेब, बुकिंग, प्रसिद्धी, देणगीचे अर्ज. कलेच्या क्षेत्रात रोजीरोटी याच कामांतून निघते.

आपणही साळसूद नाही. मुशायरा असला की पोरांना खुर्च्या उचलायला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला पाठवतो आणि त्याला खिदमत म्हणतो. एका संध्याकाळची हौस म्हणून ते ठीक. पण ठरलेली वेळ, ठरलेलं काम आणि उशीर झाला तर बोलणी, हे सगळं आलं की ती नोकरीच. घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो. मोबदला देताना ती आपल्याला आठवायला हवी.

माझ्या त्या विद्यार्थिनीला नाटकाचा नाद अजून आहे. कुणी ५,००० रुपये देणार असेल, तर ती उद्याही ठाण्याची गाडी पकडेल.