'अज्ञात वाहना'ने माणूस नेला, मग वारसांचे दोन लाख कुठे अडकले?

"अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार जागीच ठार." ही ओळ तुम्ही याच पोर्टलवर कितीदा वाचली असेल याची मोजदाद नाही. आठवडी बाजार करून परतणारा, पहाटे दूध घालायला निघालेला, रात्रपाळीहून येणारा... माणूस बदलतो, ओळ तीच राहते. पुढे लिहिलेलं असतं की अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा दाखल, अधिक तपास सुरू. बातमी तिथं संपते. आमचीही संपते, हे कबूल करायला हरकत नाही.

घरात मात्र तिथून पुढं सुरू होतं. तेरावा उरकतो, लोक पांगतात. गाडी सापडत नाही, आणि गाडीच सापडली नाही तर भरपाई मागायची कुणाकडं, असं समजून घरचे गप्प बसतात. गावातली जाणती माणसंही हेच सांगतात.

ते बरोबर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खाली, धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तरी मयताच्या वारसांना 2 लाख रुपये आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये मिळतात. 1 एप्रिल 2022 पासून हे दर लागू आहेत. त्याआधी मृत्यूला 25 हजार आणि गंभीर जखमेला साडेबारा हजार मिळायचे. वकील लावावा लागत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. अर्ज चालतो तो महसूल खात्याकडं, म्हणजे आपल्या ओळखीच्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात.

मग हे पैसे मिळतात किती जणांना? याचं उत्तर बाहेर आलं ते लोकसभेत एका प्रश्नामुळं.

रस्ते वाहतूक मंत्र्यांना विचारण्यात आलं होतं की अशा अपघातांत भरपाई किती दिली. उत्तर आलं: पाच वर्षांत 660 मृत्यू आणि 113 जखमींच्या प्रकरणांत मिळून 184 लाख 60 हजार रुपये. संपूर्ण देशात, पाच वर्षांत! भागाकार करून बघा, एका प्रकरणाला सरासरी चोवीस हजारही पडत नाहीत. बहुतेकांना जुन्या दरानंच पैसे मिळाले असणार, हे त्यावरून दिसतं.

आता दुसरा आकडा बघा. केंद्राच्याच अहवालाप्रमाणं एकट्या 2022 सालात देशात धडक देऊन पळून जाण्याचे 67,387 अपघात झाले. आणि 2022-23 या आर्थिक वर्षात भरपाईचे अर्ज आले फक्त 205. मंजूर झाले 95. सगळ्याच अपघातांत कुणी दगावतं किंवा गंभीर जखमी होतं असं नाही, हे धरलं तरी 67 हजार कुठं आणि 205 कुठं?

खासदार-आमदारांचे प्रश्न म्हणजे पेपरात फोटो येण्यापुरते, असं आपण पारावर बसून म्हणतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण या प्रश्नाचं तसं झालं नाही. 12 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती पंकज मिथल यांनी रस्ता सुरक्षेच्या खटल्यात आदेश दिला, त्यात लोकसभेतल्या याच उत्तराचा आधार घेतला. मंत्र्यांचं उत्तर हेच योजना पोचत नसल्याचा पुरावा ठरलं. न्यायालयानं तेवढ्यावर न थांबता दर वर्षी भरपाईची रक्कम टप्प्याटप्प्यानं वाढवता येईल का, याचाही विचार करायला केंद्राला सांगितलं.

त्याच महिन्याची सुरुवात तुम्हाला आठवत असेल. नव्या भारतीय न्याय संहितेत पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली म्हणून ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि 2 जानेवारीला पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. बाटल्या घेऊन लोक उभे होते. सरकारनं माघार घेतली, ते कलम 106 (2) संहितेबरोबर 1 जुलै 2024 ला लागू झालं नाही. चालकाला शिक्षा किती, यावर देशभर गोंधळ झाला. मेलेल्याच्या घरी काय मिळणार, यावर मात्र कुठंच रांग लागली नाही. दहा दिवसांनी आलेला न्यायालयाचा आदेश गावापर्यंत आलाच नाही.

त्या आदेशात आपल्या कामाचं काय आहे? गुन्हा नोंदवल्यापासून एका महिन्यात वाहनाचा तपशील हाती लागला नाही, तर पोलीस ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्यानं जखमीला किंवा मयताच्या वारसांना लेखी कळवायचं की तुम्हाला या योजनेत भरपाई मागता येते. कोणत्या अधिकाऱ्याकडं जायचं, त्याचा संपर्कही द्यायचा. शिवाय अपघाताचा अहवाल पोलिसांनी स्वतः दावा चौकशी अधिकाऱ्याकडं पाठवायचा. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला जिल्ह्यात एक समिती हवी: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, दावा चौकशी अधिकारी आणि उपअधीक्षकाच्या खालचा नसलेला पोलीस अधिकारी. दोन महिन्यांतून एकदा तरी तिनं बसायचं.

म्हणजे वारसानं ऑफिस शोधत हिंडायचं नाही, पोलिसांचं पत्र त्याच्या दारी आलं पाहिजे. तुमच्या भावकीत, गावात अशी घटना झाली असेल तर एवढंच विचारा, पत्र आलं का?

आलं नसेल तरी अडून बसायचं कारण नाही. विहित नमुन्यातला अर्ज, सोबत एफआयआरची प्रत, मयत असेल तर पीएम रिपोर्ट, जखमी असेल तर दवाखान्याची कागदपत्रं, ओळखपत्रं आणि बँक पासबुकाची झेरॉक्स घेऊन दावा चौकशी अधिकाऱ्याकडं जायचं. योजनेप्रमाणं त्यानं महिन्याभरात चौकशी करून अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडं द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची, आणि पैसे थेट खात्यात जमा व्हायचे. अर्ज देताना पोच घ्या. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" असं म्हटलं तर ठेवून येऊ नका. हा पैसा सरकारच्या तिजोरीतला उपकार नाही. आपण मोटारसायकलचा, ट्रॅक्टरचा थर्ड पार्टी विमा भरतो, त्या पैशातून विमा कंपन्या या निधीत भर घालतात.

इथं एक गल्लत होते, ती आधीच सांगितलेली बरी. रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली, तर ते या योजनेत बसत नाही. ट्रॉली कुणाची, ट्रॅक्टर कुणाचा, हे तिथं कळतं. तो दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो आणि तिथं रक्कम याहून मोठीही मिळू शकते. कलम 161 फक्त प्रयत्न करूनही वाहन सापडलं नाही अशाच प्रकरणांना. पुढं मागं वाहन सापडून न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळाली, तर इथं घेतलेली रक्कम त्यातून परत करावी लागते. जखमी जिवंत असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: 5 मे 2025 पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना सुरू झाली आहे. तीही अशीच कागदावर राहते का, हा वेगळा लेख होईल.

आता आपल्या आमदारांकडं वळू. ते म्हणतील, कायदा केंद्राचा, तिथं खासदारांनी बोलावं. हे अर्धंच खरं. पत्र द्यायचं पोलीस ठाण्यानं, चौकशी करायची महसूल खात्यानं, मंजुरी द्यायची जिल्हाधिकाऱ्यांनी. तिन्ही राज्य सरकारची माणसं. म्हणजे विधानसभेत याचं उत्तर मागता येतं.

विधानसभेचा तारांकित प्रश्न कधी वाचलाय? त्याची एक ठरलेली भाषा असते. "अमुक तालुक्यात तमुक झाले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तरही ठरलेलं. "हे अंशतः खरे आहे." आणि शेवटच्या भागाला, "प्रश्न उद्भवत नाही." रस्ता सुरक्षेबद्दल उपाययोजना काय, असा मोघम प्रश्न गेला की जनजागृती, सप्ताह, फलक, अशी मोघम यादी परत येते. प्रश्न जेवढा ढिला तेवढं उत्तर ढिलं.

लोकसभेतला तो प्रश्न उपयोगी पडला कारण त्यात आकडा मागितला होता. आपल्याकडूनही तसाच जायला हवा. मागच्या तीन वर्षांत तालुक्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात अज्ञात वाहनाविरुद्ध किती गुन्हे नोंदले गेले, त्यातल्या किती वारसांना लेखी कळवलं, तहसीलकडं किती दावे आले, किती मंजूर झाले, आणि जिल्हा समिती कोणकोणत्या तारखांना बसली. पाच आकडे. याला "अंशतः खरे" म्हणून सुटता येत नाही.

अधिवेशनासाठी प्रश्न आधीच द्यावे लागतात, तेव्हा आमदार गावात लग्नाकार्याला, उद्घाटनाला आले की चिठ्ठीवर लिहून हातात द्या. तोवर आपल्यालाही बसून राहायची गरज नाही. हीच माहिती माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मागता येते. राज्याच्या नियमाप्रमाणं अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून पोलीस ठाण्याला एक आणि तहसीलला एक, असे दोन वेगळे अर्ज करा. उत्तर आलं की आमच्याकडं पाठवा. पत्र किती जणांना गेलं, हा आकडा आम्ही तालुकावार छापू.