पांढरा कावळा

पावसाळ्याच्या तोंडावर गोदीत एका परक्या माणसाने मला कावळा म्हटलं. आपल्याला कावळा म्हणणारे पुष्कळ भेटलेत, त्यात नवल नाही. पण हा म्हणाला, पांढरा कावळा. तेव्हापासून तो शब्द डोक्यात बसलाय, म्हणून लिहितोय.

मी खडवलीचा. भातसा नदीच्या काठावरचं, शहरातली माणसं रविवारी पोहायला आणि पार्ट्या करायला येतात ते खडवली. पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या इंदिरा गोदीत जातो. ठेकेदाराच्या टोळीत रोजावर. शिक्षण दहावी, जुनी माणसं मॅट्रिक म्हणतात ते. कविता लिहितो.

त्या दिवशी पोलादी पत्र्याचे रोल उतरत होते. मधेच क्रेन बंद पडली. टोळी सावलीला आडवी झाली. कोणी तंबाखू मळली, कोणी मोबाईल काढला. मी वही काढून लिहीत बसलो. जहाजावरचा एक खलाशी बघत होता. पन्नाशीचा, लॅटव्हियाचा. बाल्टिक समुद्राच्या काठी रशियाला लागून असलेला छोटा देश, वीस लाखसुद्धा माणसं नाहीत. खाली येऊन विचारतो, काय लिहितोस, हिशोब? म्हटलं, पोएट्री. तो हसला, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘बाल्ता वार्ना’.

त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं. त्याने गोदामाच्या पत्र्यावरचा कावळा दाखवला, मग स्वतःचा पांढरा बनियन दाखवला. पांढरा कावळा. त्यांच्या भाषेत चारचौघांपेक्षा वेगळ्या निघालेल्या माणसाला असं म्हणतात. मी विचारलं, हे गुड की बॅड? तो म्हणाला, बोलणारा कोण आहे त्यावर.

परतीच्या गाडीत हेच घोळत होतं. आपल्या मराठीने कावळ्याचं काय केलंय बघा. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. म्हणजे कोणाचा तळतळाट लागायचा आणि कोणाचा नाही, हे आधीच ठरलेलं. बाई बाजूला बसली की ‘कावळा शिवला’. आणि घरात माणूस मेला की दहाव्याला हेच लोक हात जोडून त्याच कावळ्याची वाट बघतात, शिव बाबा एकदाचा पिंडाला. एरवी शिवला तर विटाळ, अडलं की शिवलाच पाहिजे. हा कावळा कोण, हे तुम्हाला सांगायला नको. गावात कोणी मेलं की सांगावा घेऊन माझा आजा दहा कोस चालायचा, आणि परत आल्यावर त्याची सावली चालत नव्हती.

मग आपल्यातला एखादा वेगळा निघाला तर त्याला मराठीत काय म्हणतात? चिखलातलं कमळ. मला म्हटलंय. दहावी पास झालो तेव्हा सत्कार झाला. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, हे चिखलातलं कमळ आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन आईला कौतुकाने सांगितलं. आई टिटवाळ्याला धुणीभांडी करते. तिने शाल घडी करून ठेवली आणि म्हणाली, ‘मग आमी चिखल का रं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर एका अंकात माझी कविता आली, तेव्हा एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो. मी थँक्यू म्हणालो. आज लिहिताना लाज वाटते.

आम्ही वस्तीतले सात जण एकाच वर्गात होतो. दोघं शाळा सोडून वीटभट्टीवर गेले. एकीचं लग्न लावलं. एकाचा बाप गेला आणि तो हॉटेलात कपबशा विसळायला लागला. दोघं गणितात अडकले, क्लासला पैसे नव्हते. सातवा मी. सत्काराच्या पाहुण्यांनी त्या सहांबद्दल एक शब्द विचारला नाही. कशाला विचारतील? एक कमळ दाखवलं की चिखलाचा दोष चिखलावरच टाकता येतो. तो शाळेत शिकू शकतो, मग बाकीचे का नाही? झालं, सरकार सुटलं, गाव सुटलं. आपल्या एकाची तारीफ हा आपल्या सहांवरचा निकाल असतो. ही गोष्ट मला आईच्या एका वाक्याने कळली, वह्या भरून कविता लिहून कळली नव्हती.

त्या खलाशाने जाताना एक नाव लिहून दिलं. क्रिश्यानिस वाल्देमार्स. आमच्या खलाशांचा बाप, म्हणाला. मी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर वाचलं. लॅटव्हियन माणसं शेकडो वर्षं जर्मन जमीनदारांची भूदास होती. जर्मन लोक त्यांना चक्क ‘अ-जर्मन’ म्हणायचे. अस्पृश्य, अवर्ण, तसंच. माणसाला नाव द्यायचं ते तो काय नाही त्यावरून! त्याच्या भागात 1817 साली भूदासपण गेलं, पण हातात जमीन दिली नाही. हा जन्मला 1825 साली. त्या काळी लॅटव्हियन पोरगा शिकला की तो जर्मन झाला असंच धरायचे. शिकलेला लॅटव्हियन असू शकतो हेच कोणाला पटत नव्हतं. हा विद्यापीठात गेला आणि खोलीच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. नावापुढे लिहिलं, ‘लॅटव्हियन’. बस, एक शब्द. आणि पुढे 1864 साली आयनाजी गावात त्याच्या खटपटीने शेतकऱ्यांच्या पोरांसाठी फुकट नाविक शाळा निघाली, त्यांच्याच भाषेत शिकवणारी. म्हणजे एकटा पांढरा कावळा म्हणून मिरवला नाही. बाकीच्यांसाठी रस्ता केला.

आपल्याला हे रीगाहून शिकायची गरज नाही म्हणाल. खरं आहे. बाबासाहेब अमेरिकेत, लंडनला शिकून 1917 साली बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं. कोलंबिया विद्यापीठाचं शिक्षणसुद्धा तिथे कामाला आलं नाही. कावळा कितीही पांढरा झाला तरी हाकलताना तो कावळाच. पण त्यांनी काय केलं? 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, पुढच्या वर्षी सोलापूरला वसतिगृह, 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. मी एकटा सुटलो, असं ते कधी म्हणाले नाहीत.

आणि आपण? आपल्यातले किती जण नोकरी लागली की कल्याणात फ्लॅट घेतात, दारावर नुसतं पहिलं नाव लावतात, आडनाव गाळतात? मी त्यांना शिव्या देत नाही. भाड्याने घर मिळत नाही म्हणून गाळतात, हे मला माहीत आहे. पण ‘तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही’ ऐकून ज्याला आतून गुदगुल्या होतात, त्याला विचारतो, कारण मलाही झाल्या होत्या: तुझी आई चिखल आहे का?

मी आमच्या दाराला पाटी लावलीय. माझं पूर्ण नाव, खाली वस्तीचं नाव. पुढच्या वेळी कोणी म्हणालं वाटत नाही, तर सांगणार, साहेब, नीट बघा, त्यांच्यातलाच आहे.

खडवलीच्या विहारात दर रविवारी सकाळी मी दहावीच्या पोरांना मराठी आणि इतिहास शिकवतो. नऊ पोरं-पोरी येतात, त्यांत माझ्या त्या सहा सोबत्यांची धाकटी भावंडंही आहेत. गणित मला जमत नाही. ज्याला जमतं त्याने रविवारी कसारा लोकल पकडून यावं. जेवण आमच्याकडे. आई वाढेल.