नुसता खडा न काढता पित्ताची पिशवी का काढतात?

पित्ताशयातले खडे पाडण्याचा ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा उपाय अधूनमधून मोबाइलवर फिरतो. रात्री तेल प्यायचे आणि सकाळी शौचावाटे हिरवट गोळे पडले की खडे पडले असे मानायचे. ते गोळे तेलावर पचनरसांची क्रिया होऊन आतड्यातच बनलेल्या साबणाचे असतात. खडे जागच्या जागीच राहतात.

असल्या उपायांवर विश्वास बसतो तो मूतखड्याच्या अनुभवामुळे. मूत्रपिंडातला बारीक खडा भरपूर पाणी प्यायल्यावर लघवीवाटे पडून जातो, हे घराघरांत पाहिलेले असते. तोच न्याय पित्ताच्या खड्याला लावला जातो आणि तिथे घात होतो. पित्ताशयातून निसटलेला खडा मुख्य पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते; तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला तर थंडी वाजून ताप भरतो. स्वादुपिंडाची नलिकाही बहुधा त्याच तोंडाशी उघडते, त्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन प्रकरण जिवावर बेतू शकते. निसटणारे खडे बहुधा बारीकच असतात. म्हणून ‘खडा लहान आहे, काळजी नको’ हा दिलासा मूत्रपिंडापुरताच खरा.

‘नुसता खडा काढा, पिशवी राहू द्या’ ही नातेवाइकांची विनंतीही मूतखड्यावरूनच येते. मूत्रपिंड राखावेच लागते, कारण रक्त गाळण्याचे काम तेच करते. पित्त मात्र यकृतात तयार होते. पित्ताशय ते साठवते आणि दाट करते, एवढेच. खडे काढून पिशवी ठेवली तर तिच्यात पुन्हा खडे धरू शकतात. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉलचे बारीक खडे काही महिन्यांत विरघळू शकतात, पण जवळजवळ निम्म्या रुग्णांत ते पाच वर्षांत परततात. गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेल रुग्णांत होणारे रंगद्रव्याचे खडे तर या गोळ्यांना दादच देत नाहीत.

तरीही खडा दिसला की शस्त्रक्रिया, असा नियम नाही. तपासणीच्या पॅकेजांतल्या सोनोग्राफीत योगायोगाने सापडलेले आणि त्रास न देणारे बहुतेक खडे जन्मभर गप्प राहतात. त्यांना भिऊन टेबलावर झोपणे चुकीचे आहे. अपवाद आहेत: तीन सेंटिमीटरहून मोठा खडा किंवा पित्ताशयाच्या आतली एक सेंटिमीटरहून मोठी गाठ. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून पाठीत किंवा खांद्याकडे जाणारी, तासन्‌तास टिकणारी कळ मात्र आम्लपित्ताची समजून पुढे ढकलू नये. पित्ताशयाला तीव्र सूज आली असेल तर सहा आठवडे थांबण्यापेक्षा त्याच भरतीत शस्त्रक्रिया करणे बहुतेकांना हिताचे ठरते.

डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हापासून ही पद्धत देशभर रुजली. आता चार छोट्या छिद्रांतून काम होते आणि रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. आठवडा-दोन आठवड्यांत हलकी कामे सुरू होतात. जड उचलणे काही आठवडे टाळावे. पित्ताशय आतून चिकटलेले असल्यास शल्यविशारद पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करतात. तो सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो, अपयश म्हणून त्याकडे पाहू नये. पित्तनलिकेला इजा होणे विरळा, पण गंभीर.

शस्त्रक्रियेनंतर जन्मभर उकडलेले खाण्याची शिक्षा कोणालाच नको. सुरुवातीला तेलकट थोडे-थोडे खावे. काहींना पातळ जुलाब होतात, ते बहुधा हळूहळू थांबतात. ताप, वाढती पोटदुखी, सतत उलट्या किंवा डोळ्यांना पिवळेपणा दिसला तर लगेच रुग्णालय गाठावे. टाके काढायला जाताना काढलेल्या पित्ताशयाच्या बायोप्सीचा अहवाल आवर्जून मागून घ्या आणि डॉक्टरांकडून समजून घ्या. क्वचित कर्करोग तिथेच पहिल्यांदा कळतो.