सुटी विडी आणि दुकानदाराचे मौन

देडतलाई हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले, खकनार तालुक्यातले सीमेवरचे गाव. धारणीच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की मध्य प्रदेश संपतो आणि मेळघाट सुरू होतो. मराठी, निमाडी, हिंदी आणि कोरकू या चारही भाषा येथील बाजारात एकाच तराजूवर तोलल्या जातात. त्या बाजारात देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर जे छोटे दुकान असते, त्यात नारळ, उदबत्ती, कापूर, गूळ, साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा आणि विडीचे बंडल ही सारी शेजारी शेजारी नांदतात. मजूर येतो, दोन विड्या मागतो, दुकानदार बंडल सोडून दोन विड्या देतो. या व्यवहारात कोणाला काही विशेष वाटत नाही. सरकारला मात्र वाटू लागले आहे, आणि ते आपण वेळीच ध्यानात घेतले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

महाराष्ट्र शासनाने २४ सप्टेंबर २०२० रोजी सुट्या सिगारेटी आणि सुट्या विड्या विकण्यास मनाई केली. म्हणजे धारणीच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला एक विडी काढून दिली की तो अपराधी झाला. बंडल दिले की निर्दोष. त्यानंतर थोड्याच महिन्यांत केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यात दुरुस्ती सुचवणारा मसुदा लोकांपुढे ठेवला. सुटी विक्री सर्वत्र बंद करावी, खरेदीदाराचे किमान वय अठरावरून एकवीस करावे, विक्रेत्याला परवाना घ्यावयास लावावे आणि मनाई असलेल्या जागी धूम्रपान केल्यास होणारा दंड दोनशे रुपयांवरून दोन हजारांवर न्यावा, अशा त्यातल्या मुख्य सूचना होत्या. हरकतींची मुदत ३१ जानेवारी २०२१ पर्यंत होती. मी या भागात ज्या ज्या दुकानदाराशी बोललो, त्यांपैकी एकालाही या मुदतीची वार्ता लागली नव्हती! पुढे २०२२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही सुट्या विक्रीवर बंदीची शिफारस केली. सरकारी कपाटातला मसुदा निजतो, मरत नाही. तो केव्हा उठून बसेल याचा नेम नसतो.

येथे आमचे काही श्रद्धाळू वाचक भुवया उंचावतील. देवळाच्या भक्तमंडळींसाठी चालणाऱ्या मासिकात व्यसनाची वकिली? वकिली हा माझा धंदा खरा. पण तंबाखूची बाजू मी घेतलेली नाही व घेणारही नाही. तंबाखूने माणूस मरतो, यात वाद नाही. वाद आहे तो उपायाविषयी, आणि त्याहूनही अधिक, तो उपाय कोणाला न विचारता ठरतो याविषयी.

सुट्या विक्रीविरुद्धचा युक्तिवाद असा की, आरोग्याचा इशारा वेष्टनावर छापलेला असतो. सुटी विडी घेणाऱ्याच्या दृष्टीस तो पडत नाही. ठीक. मग तोच इशारा, त्याच चित्रासह, दुकानाच्या दर्शनी भागी टांगण्याची सक्ती करा. त्याला कोण हरकत घेईल? उलट बंडलच घेण्याची सक्ती केल्याने काय साधते ते पाहा. ज्याच्या खिशात दोन विड्यांपुरतेच पैसे होते, तो दोन ओढून कामाला लागत असे. आता तो उधारीवर का होईना, सबंध बंडल घेतो. जी वस्तू दुकानाच्या फळीवर होती, ती दिवसभर त्याच्या कनवटीला राहते. दोन विड्यांच्या जागी सहा ओढल्या जातील की नाही, हे सांगण्यास वैद्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. सुट्या विक्रीमुळे शाळकरी पोरांच्या हाती विडी-सिगारेट सहज पडते, असे म्हणतात. पडते, हे खरे आहे. परंतु अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणे हा २००३ च्या कायद्यानेच अपराध आहे. तो कायदा वीस वर्षांत नीट राबवला नाही, म्हणून नवा कायदा आणून प्रौढ मजुराला आणि म्हाताऱ्या दुकानदारालाही त्याच जाळ्यात ओढावयाचे, हा कोणता न्याय?

आणि परवान्याचे काय? २०१७ च्या सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सल्ला दिला होता की, तंबाखू विकणाऱ्याला स्थानिक संस्थेचा परवाना असावा आणि त्या दुकानात बिस्किटे, गोळ्या, शीतपेये असे इतर पदार्थ विकू नयेत. मुंबईसारख्या शहरात ही कल्पना कदाचित खपेल. देडतलाईच्या दुकानदाराने मात्र काय करावे? विडी ठेवून बिस्किट सोडावे, की बिस्किट ठेवून विडी? दोन दुकाने थाटण्याइतकी त्याची ऐपत असती, तर तो फळकुटाच्या टपरीत कशाला बसला असता?

ही विडी येते तरी कोठून, तेही एकदा मनात आणा. उन्हाळ्यात, चैत्र-वैशाखात, याच पट्ट्यातली कोरकू कुटुंबे पहाटे जंगलात जाऊन टेंभुर्णीची पाने खुडतात, पन्नास-पन्नासांचे पुडे बांधतात आणि फडावर नेऊन मोजून देतात. मध्य प्रदेशात हजार पुड्यांचा, म्हणजे पन्नास हजार पानांचा, एक मानक बोरा धरतात, आणि त्याचा दर २०२४ च्या हंगामापासून चार हजार रुपये करण्यात आला. हिशेब सोपा आहे: एका पानामागे आठ पैसे. हे पान विकत घेणारे सरकारच. लघु वनोपज संघाच्या द्वारे तो व्यापार चालतो. म्हणजे जंगलात पान खुडणाऱ्याला सरकार मजुरी देणार, आणि त्याच पानाची विडी एकेकटी विकणाऱ्याला दंड करणार! सिगारेटच्या सर्वांत मोठ्या कंपनीत आयुर्विमा महामंडळ हे मोठे भागधारक आहे, हे सांगून मी वाचकांची करमणूक लांबवीत नाही.

बंदीने काय होते याचा धडा आपणापुढे आहे. गोव्याने गुटख्यावर २००५ मध्येच बंदी घातली. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून आणि महाराष्ट्राने त्याच वर्षीच्या जुलैत. आज पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी टांगलेली असते. गिऱ्हाईक दोन्ही फाडून तळहातावर एक करते. कायदा पाळला गेला, गुटखाही खाल्ला गेला. जो उघड होता तो व्यवहार आडून चालू लागला, आणि आडून चालणाऱ्या व्यवहारात हप्ता कोण घेतो हे वाचकांस ठाऊक आहे.

दुसरा धडा विजेवरच्या सिगारेटचा. १८ सप्टेंबर २०१९ रोजी एका वटहुकमाने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सारे एका दिवसात बंद झाले; संसदेत चर्चा झाली ती मागाहून, डिसेंबरात कायदा करताना. पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्यांच्यापाशी माल होता त्यांनी यादी करून तो अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावयाचा. ती वस्तू चांगली होती असे माझे म्हणणे नाही. परंतु वापरणाऱ्यांच्या संघटनेने आवाज उठवला, तेव्हा नाक्यावरच्या पानवाल्याला ते आपले प्रकरण वाटलेच नाही. ‘ती आपण विकत नाही,’ एवढे म्हणून तो स्वस्थ बसला. वर्ष उलटले आणि त्याच मंत्रालयाचा पुढचा मसुदा त्याच्याच फळीवर येऊन बसला.

दुकानदार बंधूंनो, तुमची खोड मला ठाऊक आहे. संकट आले की तुम्ही घाऊक व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहता, आणि तो कंपनीच्या तोंडाकडे. कंपनीला सुट्या विक्रीची बंदी फारशी सलत नाही. पाकीट विकले काय आणि एकेक विकली काय, तिचा माल खपतोच. दुकानाला कुलूप लागले तर ते तुमच्या. तुमचा खरा सोबती आहे तो दोन विड्यांचे गिऱ्हाईक. तुम्ही त्याची उधारी लिहून ठेवता, त्याच्या मुलीच्या लग्नाला जाता. मग त्याच्यासह एका कागदावर सही करण्यास लाज कसली?

मात्र या सहीला एक अट आहे. ज्या दुकानदाराने पोराला विडी विकली, त्याला या कागदावर जागा नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात गाडगे महाराजांनी आणि तुकडोजी महाराजांनी व्यसनाविरुद्ध हयात वेचली. दंडुक्याचा आधार न घेता कीर्तनाने आणि भजनाने त्यांनी माणसे वळवली. त्यांची परंपरा सांगणाऱ्याने आधी आपले वागणे निर्मळ ठेवावे. मग सरकारशी भांडावे.

केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावयाचा असतो. तीस दिवस थोडे असतात. म्हणून कागद आजच तयार ठेवावा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: इशारा दुकानात लावण्याची तयारी, अल्पवयीनास न विकण्याची लेखी हमी, आणि प्रौढाला एक विडी देण्याचा तसेच त्याच फळीवर बिस्किट ठेवण्याचा हक्क. खाली दुकानदाराची सही आणि तिच्या शेजारीच गिऱ्हाइकाची. सही येत नसेल तर अंगठा. देवळाच्या ओट्यावर भजनासाठी मंडळी जमतातच. पुढच्या एकादशीला भजन आटोपल्यावर हा कागद वाचून दाखवावा, हिंदीत एकदा, मराठीत एकदा, आणि कोरकू जाणणारा कोणी असेल तर त्याच्या तोंडून तिसऱ्यांदा.