जुनी औषधे, नवा विषाणू

मार्च २०२० मध्ये वाळवा तालुक्यातील इस्लामपूर (आताचे ईश्वरपूर) येथे करोनाचे रुग्ण आढळले. तेथून जवळच असलेल्या आष्ट्यापासून मुंबईपर्यंत एकच प्रश्न विचारला जात होता : यावर औषध काय? त्याच सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक उपाय म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याची शिफारस केली.

नवे औषध तयार होण्यास वर्षे लागतात. जुन्या औषधाची मात्रा व दुष्परिणाम ठाऊक असतात, किंमतही बहुधा कमी असते. त्यामुळे ती वापरून पाहण्याची कल्पना गैर नव्हती. गफलत झाली ती पुराव्याआधीच विश्वास ठेवण्यात. प्रयोगशाळेतील काचपात्रात विषाणूला रोखणारे औषध रुग्णाच्या शरीरातही तेच करील, असे नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता. ऑक्टोबर २०२० मधील तिच्या अंतरिम निष्कर्षांनुसार हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व रेमडेसिविर यांचा रुग्णालयातील मृत्यू रोखण्यात फारसा उपयोग दिसला नाही. तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिविरसाठी नातेवाईक वणवण फिरले, काळाबाजारही झाला. गोव्यात त्याच वर्षी मे महिन्यात अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयव्हरमेक्टिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही दोन्ही औषधे केंद्रीय उपचारसूचीतून वगळण्यात आली.

याउलट, डेक्सामेथासोन हे जुने व स्वस्त स्टेरॉइड उपयुक्त ठरले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत जून २०२० मध्ये दिसले, की त्याने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर प्राणवायू लागणाऱ्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटतात. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ झाला नाही. हे औषध विषाणूला मारत नाही. शरीराचा अतिरेकी दाह शमवते. म्हणूनच ते कोणाला आणि केव्हा द्यायचे, हे निर्णायक ठरते. स्टेरॉइडचा अनिर्बंध वापर आणि अनियंत्रित मधुमेह यांची जोडी किती घातक असते, हे २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसच्या रूपाने अनुभवले.

डेंगी आणि चिकुनगुन्यावर आजही विषाणूचा नाश करणारे खास औषध नाही. पावसाळ्यात आष्ट्यासारख्या गावात ताप आला, की औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याचा मोह होतो. जुनी औषधे नव्या आजारात कामी येऊ शकतात. पण तो निर्णय चाचणीने आणि डॉक्टरांनी करायचा, अफवेने नव्हे.